रिकाम्या भट्टीची झळ

६ फेब्रुवारी

आज वीज दोनदा गेली. पहिल्यांदा गेली तेव्हा मी 'विकसनशील राष्ट्रे आणि अणुऊर्जेचे भवितव्य' या लेखमालेचा चौथा भाग लिहीत होतो. दुसऱ्यांदा गेली तेव्हा तेच वाक्य पुन्हा लिहीत होतो. मेणबत्तीच्या उजेडात अणुयुगाचे स्वागत करण्यात काव्य आहे खरे, परंतु अलेक्झांड्रियातल्या आमच्या संपादकांना काव्य नको असते, पाऊण स्तंभ हवा असतो.

संध्याकाळी इंजिनियर वजदी आले. हे कैरोचे. इथल्या अणुवीज प्रकल्पाच्या माहिती कक्षाचे प्रमुख, आणि मी तिथला सल्लागार असल्यामुळे माझे दुसरे अन्नदाते. (पहिले संपादक. दोघांनाही एकमेकांची माहिती आहे आणि दोघांनाही ती सोयीची वाटते.) चहाचा पहिला पेला संपायच्या आत त्यांनी सांगितले की पुढच्या महिन्यात सराव आहे. भट्टी फुटली असे समजायचे. भोंगा वाजेल, आमच्या बीर मुसाअदची सगळी वस्ती बसमध्ये घालून शाळेच्या मैदानावर न्यायची. परदेशी तपासनीस येणार. शिवाय ज्या देशांना अणुभट्टी हवी आहे पण ज्यांनी अजून खड्डाही खणलेला नाही, अशा चार-पाच देशांची शिष्टमंडळेही येणार. माणसे कशी पळतात हे त्यांना आधी पाहून ठेवायचे आहे.

"पण भट्टीत इंधन कधी आलं?" मी विचारले.

"आलंय कुठे? अजून दोन वर्षं तरी नाही. आत्ता आत काय आहे? सिमेंट आणि कबुतरं."

"मग फुटणार काय?"

"उस्ताज मिफ्ताह, तुम्ही वार्ताहर आहात. असले प्रश्न विचारू नका."

१५ फेब्रुवारी

सरावासाठी एक 'बाधित' हवी आहे, आणि ती बाईच हवी. आमच्या चालीरीती सांभाळून बाईला कसे वाचवता येते, हे तपासनीसबाईंना पाहायचे आहे. वस्तीत घरोघर फिरलो. तीन घरी चहा मिळाला, चौथ्या घरी कुत्रे.

शेवटी माझ्या बायकोने, रबहानेच मार्ग काढला. "अहो, घरात गझाला असताना बाहेर काय शोधता? उंच आहे, फोटोत छान दिसेल."

"मग आपली लेक सदीना?"

"ती कॅमेरा पाहिला की हसत सुटते. मेलेली माणसं हसतात का?"

गझाला म्हणजे माझ्या थोरल्या भावाची मुलगी. भाऊ समुद्रात बुडाला त्याला सात वर्षे होतील; तेव्हापासून ती आणि तिची आई अंगणापलीकडच्या दोन खोल्यांत असतात आणि पालक मी. अंजिरांचा हंगाम उरकला की तिचे लग्न आहे. मुलगा झैदान, हाजी फरजचा धाकटा. हाजी म्हणजे प्रकल्पाच्या भिंतीला खडी पुरवणारे, म्हणजे या किनाऱ्यावर अणुऊर्जेचा लाभ आजपर्यंत ज्या एकमेव माणसाला झाला ते. त्यांच्या घरच्या बायका मुलगी पाहायला आल्या होत्या आमच्या सदीनासाठी. चहा गझालाने आणला आणि त्या तिला पसंत करून गेल्या. रबहा त्यानंतर पंधरवडाभर माझ्याशी बोलली नव्हती. आता तीच पुतणीचे नाव सुचवते आहे. बायकांचे मन मोठे असते. वेळ लागतो इतकेच.

गझालाला बोलावून सांगितले.

"काका, मी नक्की काय करायचं?"

"निपचित पडायचं. मग तुला वाचवतील."

"कशापासून?"

"कशापासूनही नाही."

"मग बरं," ती म्हणाली आणि पुन्हा शिवणाला लागली. एवढ्या समंजस मुली आता राहिल्या नाहीत.

३ मार्च

वजदींनी आज एक चिमुकली डबी दिली. आत चकती; सदऱ्याच्या गुंडीएवढी, वर आकडे कोरलेले. अडचण अशी, की भट्टी रिकामी असल्यामुळे किरण मोजायची यंत्रे वाजतच नाहीत, आणि मुके यंत्र पाहून परदेशी बाई अहवालात काय लिहितील? ही चकती जवळ असली की यंत्र वाजते.

"घातक नाही ना?"

"आजोबांच्या घड्याळाचे काटे अंधारात चमकायचे ना? तेवढंही नाही हिच्यात. फक्त दोन गोष्टी. कुठे ठेवलीये ते पथकाला कळू द्यायचं नाही, त्यांनी खरंच शोधलं पाहिजे. आणि मुलीला सांगायचं नाही. चेहरा खरा हवा."

पुतणीच्या खिशात हात घालणे मला शोभले नसते, म्हणून डबी रबहाकडे दिली. तिने सदीनाचा नवाकोरा किरमिजी कोट काढला, काखेजवळचे अस्तर उसवले, चकती आत घालून टाके घातले आणि तो कोट गझालाला घालायला देऊ केला. आपल्या मुलीचा एकदाही न वापरलेला कोट!

"ह्याने काही होत नाही ना?" तिने एवढेच विचारले.

"काहीही नाही."

"पण लोकांना वाटेल?"

"लोकांना काय, काहीही वाटतं."

"हो, तेच म्हणते," रबहा म्हणाली आणि दोरा दाताने तोडला.

९ मार्च

सराव झाला. एकंदरीत यशस्वी. म्हाताऱ्या मंडळींनी मेंढ्यांशिवाय हलायचे नाकारले म्हणून मेंढ्यांना दुसरी बस दिली. ती आधी निघाली. शिष्टमंडळांनी टाळ्या वाजवल्या. एका आफ्रिकी पाहुण्याने मला बाजूला घेऊन विचारले, "भट्टी आधी बांधावी की भिंत?" मी म्हणालो, "भिंत. ती बांधून झाली की देशाला काहीतरी झाल्यासारखं वाटतं." त्यांनी ते टिपून घेतले.

गझालाचा भाग शेवटी होता. तिला स्ट्रेचरवरून आणले, पांढऱ्या पोशाखातल्या दोन बाया यंत्र घेऊन वाकल्या आणि यंत्र असे किंचाळले की मैदानावर मेंढ्यासुद्धा गप्प झाल्या. गझाला ताडकन उठून बसली. वजदी माझ्या कानात म्हणाले, "बघा, चेहरा!"

तिला तंबूत नेऊन कोट उतरवला, पण तो तिच्या उशाशीच टाकला. यंत्र वाजतच राहिले. त्या बायांनी तिला धुतले. पुन्हा यंत्र लावले, वाजले. पुन्हा धुतले, ब्रशने. हे सर्व मी तंबूच्या कापडाबाहेर उभा राहून आवाजावरून ओळखत होतो. आतून एकजण म्हणाली, "डोक्याशी जास्त वाजतंय. केसांत असणार." त्यांच्या नियमावलीत केसांविषयी एक कलम आहे.

मी वजदींकडे पाहिले. वजदींनी तपासनीसबाईंकडे पाहिले. त्या भराभर लिहीत होत्या.

"सांगू का मी आत?" मी म्हणालो.

"आता सांगितलं तर सगळंच बनावट ठरेल, उस्ताज. केस काय, येतील पुन्हा."

ते खरेच आहे.

वेणी पिवळ्या पिशवीत घालून, तोंड बांधून, चिठ्ठी लावून बाहेर आणली. चांगली कमरेपर्यंत होती. तपासनीसबाईंनी या भागाला सर्वाधिक गुण दिले.

परतताना बसमध्ये गझाला डोक्यावरचा रुमाल दोन्ही हातांनी धरून बसली होती. "काका, माझ्यात काय होतं?"

"काही नव्हतं, बाळ."

"मग वाजत का होतं?"

यंत्रे अशीच असतात, मी म्हणालो. अहवाल येईपर्यंत चकतीविषयी बोलू नये अशी वजदींची विनंती आहे. कोट रबहाने परत आणला, चकती उसवून काढली आणि जिऱ्याच्या डब्यामागे ठेवून दिली. वजदी पाहुण्यांच्या जेवणात गुंतले आहेत. आठवण झाली की मागतील.

११ मार्च

छायाचित्र पहिल्या पानावर. ओळ मी अशी दिली होती: 'सरावातील काल्पनिक बाधित युवतीवर उपचार'. संपादकांनी जागेअभावी पहिले दोन शब्द गाळले. फोन केला तर म्हणाले, "खाली बातमीत सराव म्हटलंय की! वाचतील लोक."

आमच्या वस्तीत बातमी कोणी वाचत नाही. छायाचित्र मात्र घरोघर गेले.

२ एप्रिल

बरेच दिवस लिहिले नाही. लिहिण्याजोगे काही घडले नाही, आणि जे घडले ते लिहावेसे वाटले नाही.

भावजयीच्या तंदुरावर भाजलेली भाकरी शेजारणी आता नेत नाहीत. गझालाने विहिरीच्या दोराला हात लावला की मागची बाई दोर धुऊन घेते. शिवायला दिलेले कपडे लोक अर्धवट शिवलेलेच परत नेत आहेत. ईदला नवऱ्या मुलाकडून मटण यायचे असते, आले नाही. आज स्वतः हाजी फरज आले. रीतीचे तिन्ही पेले चहा झाला, पावसाची, मेंढ्यांची चौकशी झाली, मग म्हणाले:

"मुलगी सोन्यासारखी आहे. तिच्याविषयी माझ्या तोंडून वाईट शब्द येणार नाही. पण यंत्र वाजलं, उस्ताज. सगळ्या वस्तीनं ऐकलं."

"हाजी, भट्टी रिकामी आहे. तुम्ही खडी पुरवता, तुम्हाला ठाऊक नाही?"

"रिकामी आहे तर एवढी जाड भिंत कशाला? रिकामी आहे तर मेंढ्यांना बसमध्ये का घातलं?"

"तो सराव होता."

"तुम्हीच लिहिलं होतंत ना, तो किरण दिसत नाही, वास येत नाही, चव लागत नाही? आमच्या झैदानने वाचून दाखवलं. मग तो नव्हता हे तुम्हाला कशावरून कळलं? वास घेतलात?"

युक्तिवाद म्हणून निर्दोष होता. मी तसे म्हटलेही. हाजी म्हणाले, "माझ्या मुलाला पोरंबाळं हवीत. प्रकरण शेख अतीवाकडे नेऊ, म्हणजे तुमचाही मान राहील."

शेख अतीवा आमच्या रीतीप्रमाणे न्याय करतात. सरकारी न्यायालय इथून लांब आहे आणि तिथे लग्न जुळवून देत नाहीत.

९ एप्रिल

दाखला आणायला वजदींकडे गेलो. 'ही मुलगी बाधित नाही,' एवढे एक वाक्य आणि शिक्का.

"कसा देऊ?" वजदी म्हणाले. "आमच्याकडे किरणच नाहीत, तर बाधा नाही असं लिहून कसं देऊ? जे नाही ते नाही, असं एकदा लिहून दिलं की उद्या सगळा किनारा दाखले मागायला उभा राहील. माझ्या मेंढीचा द्या, माझ्या अंजिराचा द्या."

"मग चकतीबद्दल तरी सांगा."

"चकती?" ते दाराकडे पाहून म्हणाले. "अहवाल परवाच मंजूर झालाय. त्याच्यावर पुढचं कर्ज आहे. कुठली चकती, उस्ताज?"

मी निघालो तेव्हा त्यांनी मला नव्या वर्षाची दिनदर्शिका दिली. बारा महिने, बारा घुमट, प्रत्येकावर सूर्योदय. एप्रिलमध्ये दिनदर्शिका वाटणारे खातेच देशाला पुढे नेईल.

२१ एप्रिल

बैठक झाली. शेख अतीवांनी दोन्ही बाजू ऐकल्या आणि निकाल दिला: वडिलांकडचे पाच पुरुष वस्तीचे पीर सीदी मुसाअद यांच्या कबरीवर हात ठेवून मुलगी निर्मळ असल्याची शपथ घेतील. घेतली, तर हाजी फरज मुलगी नेतील आणि पुन्हा कोणी अवाक्षर काढणार नाही. पाचांतला एकजण जरी अडखळला तरी शपथ पडली, मुलगी पडली. पाच कोणते, हे रीतीप्रमाणे समोरच्यांनी निवडायचे.

हाजींनी चौघे असे निवडले की ज्यांनी आयुष्यात अणूचे नावही घेतलेले नाही. पाचवा मी.

"उस्ताज शिकलेले आहेत. त्यांना आत काय असतं ते कळतं," हाजी म्हणाले. मला हे ऐकून बरेच वाटले. रबहाला सांगितले तर तिला आश्चर्य वाटलेले दिसले नाही. ती कालच हाजींच्या बायकोचे तांब्याचे भांडे परत करायला गेली होती आणि दुपारभर तिथेच बसली होती. तिथे बहुधा चर्चा झाली असावी.

५ मे

उद्या शपथ. दुपारी गझाला आली. केस मानेपर्यंत वाढले आहेत. रुमालाखाली कळत नाही.

"काका, तुम्ही म्हणाल ना?"

"म्हणणार तर. त्यात काय कठीण आहे?"

तिने माझ्या हाताचे चुंबन घेतले. लहानपणी वडिलांच्या हाताचे घ्यायची तसे.

ती गेल्यावर रबहा तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "मी आपली अडाणी. मला काय कळतं. पण ती चकती होती ना कोटात? म्हणजे यंत्र उगाच नाही वाजलं."

"ती निरुपद्रवी आहे."

"असेल. मी कुठे नाही म्हणते? पण शब्द तर असे आहेत ना, की काहीच शिवलं नाही म्हणायचं. सीदी मुसाअदच्या कबरीवर खोटं बोललेल्याच्या घराचं काय होतं, तुम्हीच सांगत असता. आणि आपल्या घरात तर एकच मुलगी आहे." थोड्या वेळाने: "तुम्ही बघा बाई. तुम्ही सत्याची चाड असलेला माणूस."

बायको एवढे ओळखून आहे, हे मला इतक्या वर्षांत माहीत नव्हते.

६ मे

झाले ते असे.

कबरीच्या भोवती पुरुष उभे होते. बायका थोड्या दूर, हाजींच्या ट्रकच्या सावलीत. गझाला आईला धरून. शपथेचे शब्द शेखांनी सांगितले: 'या कबरीत झोपलेल्याची शपथ, या मुलीला काहीही शिवलेले नाही, दिसणारे नाही की न दिसणारे नाही.' पहिल्याने म्हटले. दुसऱ्याने म्हटले. तिसऱ्याला ऐकू कमी येते. त्याने जे ऐकले ते म्हटले आणि शेखांनी ते मान्य केले. चौथ्याने तर दोनदा म्हटले. मग मी हात ठेवला. दगड उन्हाने तापला होता.

मी म्हणालो, "या कबरीत झोपलेल्याची शपथ, या मुलीला काहीही शिवलेले नाही, दिसणारे नाही की न दिसणारे नाही, एका निरुपद्रवी चकतीखेरीज."

"खेरीज?" शेख अतीवा म्हणाले.

मी समजावून सांगू लागलो. चकतीचा आकार सांगितला, घड्याळाच्या काट्यांचा दाखला दिला, नैसर्गिक किरण आणि कृत्रिम किरण यांतला भेद सांगितला. माझ्या मते विवेचन सुबोध होते. सगळे ऐकत होते. हाजी तर विशेष लक्षपूर्वक.

"उस्ताज," शेख मधेच म्हणाले, "शपथ म्हणजे काय वर्तमानपत्र आहे, खाली खुलासा जोडायला?" आणि त्यांनी माझा हात मनगटाला धरून कबरीवरून उचलला.

ट्रककडून आवाज आला तो भावजयीचा. गझालाचा नव्हे. ती आईला धरून घरापर्यंत चालत आली. अंगणात मात्र थांबली.

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं."

"बाळ, ती निरुपद्रवी..."

"वेणी कापत होते तेव्हा तुम्ही बाहेर उभे होतात, आणि तुम्हाला ठाऊक होतं."

मी तिला सांगितले, की कबरीवर असत्य बोलणे माझ्याने झाले नसते. मोठी झाल्यावर कळेल. ती मोठी आहे हे माझ्या नंतर लक्षात आले.

असो. मनाला टोचणी नाही असे नाही, परंतु एक समाधान आहे: इतकी वर्षे छापील शब्दांत घालवल्यावर आज एक वाक्य मी संपूर्ण खरे बोललो. तिथे संपादक नव्हते म्हणून जमले.

१८ जून

विलक्षण योगायोग. हाजी फरज आज पुन्हा आले आणि झैदानसाठी सदीनाला मागणी घातली.

"जो माणूस स्वतःच्या पुतणीसाठीसुद्धा कबरीवर खोटं बोलला नाही," ते चारचौघांत म्हणाले, "त्याच्या घरची मुलगी मला नको तर कोणाची?"

मी गहिवरलो. सुदैवाने रबहाने सकाळीच मेंढा कापून ठेवला होता. कशासाठी, विचारले, तर म्हणाली, "मन सांगत होतं." सोयरिकीचा फातिहा वाचला गेला. लग्न अंजिरांनंतर, म्हणजे ठरलेल्याच तारखेला. मांडववाल्याला पुन्हा सांगावे लागले नाही.

भावजय चार दिवसांपासून अंगणातले दार आतून लावते.

३० जुलै

वजदींना एका बाईची गरज आहे. इंधन येण्याआधी किनाऱ्यावरच्या घराघरांतले किरण मोजून ठेवायचे आहेत, म्हणजे पुढे कोणी प्रकल्पावर आळ घेणार नाही. पण आमच्या घरांत बायकांच्या खोल्यांत परके पुरुष यंत्र घेऊन शिरणार कसे? यंत्र बाईनेच न्यायला हवे. आणि कुठल्या बापाने, कुठल्या भावाने आपली मुलगी अशा कामाला धाडावी? कोणीच धाडली नाही.

गझाला स्वतः जाऊन नाव देऊन आली. तिला आता कोण अडवणार आणि कशासाठी?

आज तिने जिऱ्याच्या डब्यामागची चकती मागितली. "तुमच्याकडे राहून गेलीये ना? मी रोज जाते तिथे. देऊन टाकते." मी लगेच दिली, एक कटकट गेली. तिच्या आवाजात राग नव्हता. काळ सगळे बरे करतो असे म्हणतात, पण इतक्या लवकर करील असे वाटले नव्हते.

१४ सप्टेंबर

लग्न थाटात झाले. मेंदीला गझालाला बोलावले नव्हते. नवरीच्या हाताला तिचा हात लागू नये असे हाजींच्या बायकांचे म्हणणे पडले, आणि अशा दिवशी वाद कशाला? पण तिचे कौतुक हे, की तिने मनात काही धरले नाही. रुखवतातल्या उशा तिनेच भरल्या. किरमिजी कोटाचे उसवलेले अस्तर पाहून म्हणाली, "काकू, हा असा द्यायचा नाही," आणि घरी नेऊन अस्तर पूर्ण नवे लावून आणले. रबहा उजेडात धरून पाहत राहिली. टाका कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो ते कळत नव्हते.

"हात मात्र आहे पोरीला," रबहा म्हणाली. इतक्या दिवसांनी तिने गझालाविषयी चांगला शब्द काढला.

२७ नोव्हेंबर

सदीनाला दिवस गेले आहेत. हाजींनी साखर वाटली. रबहा लेकीकडे जाऊन आली, फुललेली होती. "त्यांचं घर समुद्राच्या तोंडावर, थंडी मरणाची. पण मी दिलेला कोट दिवसभर अंगातून काढत नाही. झोपतेसुद्धा त्यातच."

लेखमालेचा दहावा भाग पाठवला: 'भयाकडून विश्वासाकडे'.

८ डिसेंबर

वजदींचा फोन. घरांची मोजणी परवापासून सुरू होते, आणि कोठारात तपासणी झाली तेव्हा ती चकती सापडली नाही. "तुमच्याकडेच आहे ना?"

"चकती? ती कधीच परत दिली. गझालाने आणून दिली असेल."

"कोणालाच नाही दिली."

अंगण ओलांडून गेलो. गझाला दारात बसून यंत्राचा पट्टा आपल्या मापाचा करून घेत होती. सुई, जाड दोरा. प्रकल्पाने दिलेला निळा झगा अंगात.

"गझाला, ती चकती..."

"दिली की, काका."

"कुणाला?"

"ज्यांची होती त्यांच्याच घरी दिली." तिने दोरा दाताने तोडला. अगदी रबहासारखा.

मी खाली बसलो. मग विचारले, "परवा मोजणी कुठून सुरू होणार?"

"पूर्वेकडून. पहिलं घर हाजींचं. बायकांच्या खोल्या माझ्याकडे."

"बाळ, हे बघ. यंत्र कधी कधी उगाच वाजतं. तिथे वाजलं तर... सदीना तुझी बहीण आहे. पोटुशी आहे. तू म्हण काही नाही. एक शब्द. काही नाही, एवढंच."

तिने यंत्र खांद्याला लावून पाहिले. पट्टा बरोबर बसला होता.

"तुमच्या मनात काय आहे ते कळलं मला," ती म्हणाली. "पण खोटं कसं बोलू? तुमच्याच घरात वाढलेय ना मी."

९ डिसेंबर

रबहाला सांगावे लागले. कोट परत मागवू म्हणाली. मग स्वतःच म्हणाली, रुखवतातली वस्तू परत मागितली तर हाजींच्या बायका विचारतील का. मग मला म्हणाली, "ह्याने काही होत नाही ना?" तोच प्रश्न, त्याच खोलीत. मी तिला तेच उत्तर दिले. ती रडत राहिली. मी वजदींकडे दाखला मागायला गेलो नाही; त्यांचे उत्तर मला पाठ आहे.

दुपारी एकटाच सीदी मुसाअदकडे गेलो. तिथे कोणी नव्हते. कबरीवर हात ठेवला. थंडीमुळे दगड गार होता. म्हटले: या कबरीत झोपलेल्याची शपथ, माझ्या मुलीला काहीही शिवलेले नाही, दिसणारे नाही की न दिसणारे नाही.

एका दमात म्हणालो. कुठेही अडखळलो नाही. खात्री करून घ्यावी म्हणून पुन्हा म्हणालो, पुन्हाही नाही.

आता हाजींनी पुन्हा पाचवा म्हणून मला निवडायला हवे, इतकेच.